पृष्ठ आणि पाठ : यवतमाळच्या फवारणी-विषबाधेच्या निमित्ताने

संस्कृतातील 'पृष्ठ' हा शब्द मराठीत दोन रूपांनी नांदतो. तद्भव रूपाने तो 'पाठ' झाला आणि माणसाच्या शरीराशी राहिला. तत्सम रूपाने तो ग्रंथाचे पान झाला आणि पुढे शास्त्रीय परिभाषेत 'पृष्ठभाग' म्हणून पदार्थाची वरची बाजू दाखवू लागला. दोन्ही अर्थांत एक छटा समान आहे. पाठ ज्याची त्याला दिसत नाही. आणि पृष्ठभागाकडे पाहूनही तो बहुधा पाहिला जात नाही, कारण पाहणाऱ्याचे लक्ष त्याच्या आत काय आहे इकडे असते. वैद्यकाची आणि जीवशास्त्राची गेल्या दोन शतकांतील वाटचाल पुष्कळ अंशी या 'आत' जाण्याच्या ओढीची वाटचाल होय. त्या ओढीत पृष्ठाला केवळ आवरणाचा, सीमेचा, फार तर कुंपणाचा अर्थ उरला. हा अर्थ अपुरा आहे एवढेच नव्हे, तर प्रसंगी तो घातक ठरतो, हे पाहण्यासाठी दूर जावयाचे कारण नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना व शेतमजुरांना मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली. जुलैपासून पुढच्या तीन-चार महिन्यांत जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली आणि कित्येक शेकडा रुग्णालयांत दाखल झाली. त्यांतील बरेच यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते. शासनाने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी २ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि अमरावती विभागाच्या आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष चौकशी पथक नेमले. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील द्रव्यांची नावे त्या काळी वृत्तपत्रे वाचणाऱ्या सर्वांना पाठ झाली. औषधांची मिश्रणे, बॅटरीवर चालणारे नवे पंप, डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, उकाडा, अशी अनेक कारणे सांगितली गेली आणि त्यांतील बहुतेक खरी होती. तथापि या सर्व कारणमीमांसेच्या तळाशी एक वाक्य पुनःपुन्हा येत राहिले : शेतकऱ्यांनी संरक्षक साधने वापरली नाहीत.

या वाक्याचा निषेध करण्याचे प्रयोजन नाही; ते वस्तुस्थितीला धरूनच आहे. प्रश्न त्याच्या गृहीतकाचा आहे. त्यात त्वचा ही एक भिंत मानली आहे. भिंतीवर आणखी एक भिंत, म्हणजे रबरी हातमोजे, मुखवटा, प्लास्टिकचा अंगरखा, उभी करावयाची होती. ती केली नाही, म्हणून शत्रू आत शिरला. भिंतीची राखण ज्याची त्याने करावयाची असल्याने दोष ज्याचा त्याचा. एकदा का त्वचेचा अर्थ भिंत असा घेतला, की उरलेला निष्कर्ष आपोआप येतो. म्हणून तपासावयाचा आहे तो हा पहिला अर्थ.

जीवशास्त्रात पृष्ठाचा विचार प्रथम आकारमानाच्या संदर्भात झाला. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ मध्ये लिहिलेला प्राण्यांच्या योग्य आकारावरचा निबंध अजूनही विद्यार्थ्यांस वाचावयास देण्यासारखा आहे. (हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) प्राणी लांबी-रुंदी-उंचीने दसपट झाला तर त्याचे आकारमान हजारपट होते, पृष्ठ मात्र शंभरपटच होते, या साध्या भूमितीतून फुप्फुस आणि आतडे यांसारख्या इंद्रियांचे प्रयोजन उलगडते. प्राणी मोठा होताना त्याला पृष्ठाची तूट पडते आणि ती तो अंतर्भागात घड्या घालून भरून काढतो. फुप्फुस म्हणजे आत वळवून ठेवलेले पृष्ठ. आतडे हेही तसेच. 'आत' म्हणून जे आपण समजतो त्याचा बराचसा भाग हा बाहेरच्याच पृष्ठाचा पसारा असतो. घास गिळला तरी तो अजून शरीरात आलेला नसतो, तो अस्तराच्या अलीकडेच असतो.

मराठी भाषेला हे ठाऊक आहे असे दिसते. खाल्लेले अन्न पोटात जाते, परंतु ते 'अंगी लागते' की नाही हा वेगळा प्रश्न मानला जातो. अंगावर, अंगाला, अंगी, अंगात ही एकाच नामाची चार रूपे आहेत आणि चारही ठिकाणी शरीराशी असलेले नाते निराळे आहे. माणसाला काही लागते ते अंगाला, साचते ते अंगी, येते ते अंगात. या चार पायऱ्यांना वैद्यकीय परिभाषेत जे शब्द आहेत ते संपर्क, शोषण, अभिसरण अशा स्वरूपाचे आहेत आणि त्यांत पायरीपायरीमधला संबंध हरवतो.

पृष्ठाचे मोजमाप हाही असाच फसवा विषय आहे. मानवी आतड्याचे अंतःपृष्ठ टेनिसच्या मैदानाएवढे असते असे पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या लिहिले गेले. २०१४ मध्ये हेलँडर आणि फँड्रिक्स या स्वीडिश संशोधकांनी फिरून मोजणी केली, तेव्हा ते सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे मैदानाच्या एका कोपऱ्याएवढे, निघाले. आधीच्यांनी चूक केली असे सरळ म्हणता येत नाही. पट्टी जितकी बारीक, तितके घडीदार पृष्ठ मोठे होत जाते. समुद्रकिनाऱ्याची लांबी मोजताना हाच प्रश्न येतो. तात्पर्य, पृष्ठ किती आहे हे त्या वस्तूवरच अवलंबून नाही. त्याच्याशी व्यवहार करणारा कण केवढा आहे यावरही ते अवलंबून आहे. पेंढीला जे पृष्ठ आहे ते रेणूला नाही.

आता त्वचेकडे वळावे. प्रौढ माणसाची त्वचा दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा सर्वांत वरचा थर, शृंगस्तर, हा मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढीच. पेशींच्या मधल्या जागा स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. विटा आणि चुना ही उपमा या रचनेला १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली आणि ती इतकी सोयीची निघाली की भिंतीची कल्पना शास्त्रातूनच दृढ झाली. परंतु या भिंतीतील चुना स्निग्ध आहे, आणि जे स्निग्धात विरघळते त्याला तो अडवीत नाही, वाट देतो. घामाने भिजली की तीच भिंत फुगते आणि अधिक पारगम्य होते. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की आलेले द्रव्य झपाट्याने पुढे वाहून नेले जाते. सारांश, ही भिंत ऋतूप्रमाणे, कामाप्रमाणे आणि येणाऱ्या पाहुण्याप्रमाणे आपली जाडी बदलते. अशा वस्तूला भिंत म्हणावयाचे की आणखी काही, हा केवळ शब्दांचा वाद नव्हे.

कीटकाच्या अंगावरचे कवचही असेच मेणचट असते आणि स्पर्शविषांचे सारे शास्त्र त्या मेणाभोवती उभे राहिले आहे. पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला. १९४८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. डीडीटी कीटकाच्या कवचातून सहज आत जाई. कोरड्या भुकटीच्या रूपात मानवी त्वचेतून मात्र फारच अल्प प्रमाणात जाई. दोन पृष्ठांमधील या फरकामुळेच लोकांच्या अंगावर ती भुकटी निःशंकपणे उडवली गेली आणि 'कीटकाला विष, माणसाला नव्हे' असा एक समज जनमानसात रुजला. ऑर्गॅनोफॉस्फेट द्रव्यांनी हा भेद राखला नाही. जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशके शोधीत असताना १९३६ मध्ये त्यांच्या हाती टॅबुन हा युद्धोपयोगी विषारी पदार्थ लागला, यातच या कुळाचा स्वभाव कळून येतो. मज्जातंतूंच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन हे द्रव्य आपले काम करून झाले की त्याचा निचरा करणारे अॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर असते. ही विषे त्या विकरालाच जखडून टाकतात. ते विकर अळीतही आहे आणि माणसातही. तेव्हा माणूस आणि अळी यांच्यात भेद करण्याचे सर्व काम मात्रेवर आणि पृष्ठावर येऊन पडले. कायद्याने हे काम पृष्ठावर कसे सोपवले, ते पाहण्यासारखे आहे.

भारतात कीटकनाशक अधिनियम १९६८ मध्ये झाला आणि त्याखालील नियम १९७१ मध्ये आले. या कायद्याच्या मुळाशी १९५८ ची केरळातील दुर्घटना होती. पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नामुळे तेथे शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. म्हणजे कायद्याला प्रेरणा मिळाली ती पोटातल्या पृष्ठावाटे झालेल्या विषबाधेची. डब्यावरील चौकोनात तांबडा, पिवळा, निळा, हिरवा असे जे त्रिकोण शेतकरी पाहतो, त्यांची वाटणी या नियमांत आहे. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा तोंडावाटे किती आणि त्वचेवाटे किती, यावर रंग ठरतो. तांबड्या रंगाची मर्यादा तोंडावाटे दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम, त्वचेवाटे २००. पिवळ्याची तोंडावाटे ५००, त्वचेवाटे २,०००. निळ्याची ५,००० आणि २०,०००. प्रत्येक रंगात त्वचेचा आकडा तोंडाच्या आकड्याच्या बरोबर चौपट आहे. निसर्गात अशी नीटस चौपट कोठेही आढळत नाही. ही मोजणी नव्हे, हा हिशोब आहे; आणि त्या हिशोबात एक मत दडले आहे, ते असे की त्वचा ही तोंडापेक्षा सर्वत्र आणि सर्वदा सारख्याच प्रमाणात अधिक भरवशाची असते. वर्गीकरणासाठी कोठेतरी रेघ ओढावीच लागते हे मान्य केले, तरी ही रेघ 'त्वचा' नावाच्या एका अखंड, एकजिनसी वस्तूची कल्पना करून ओढली आहे हे विसरता येत नाही.

योगायोग असा, की त्याच १९७१ साली अमेरिकेत हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तक्ता प्रसिद्ध केला, जो या कल्पनेचा पायाच काढून घेतो. त्यांनी किरणोत्सर्गी कार्बनाची खूण असलेले पॅराथिऑन माणसाच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावले आणि पुढील पाच दिवस लघवीतून ते किती बाहेर पडते हे मोजले. हाताच्या पुढल्या भागावर लावलेल्या द्रव्यापैकी सुमारे ९ टक्के शरीरात गेले, तळहातावरून सुमारे १२, पोटावरून १८, डोक्याच्या त्वचेवरून ३२, कपाळावरून ३६, काखेतून ६४ टक्के. आणि वृषणाच्या त्वचेवरून जवळजवळ सर्वच्या सर्व. एकाच माणसाच्या एकाच त्वचेत दसपटीहून अधिक अंतर. प्रोफेनोफॉस म्हणजे पॅराथिऑन नव्हे, आणि हे आकडे जसेच्या तसे यवतमाळला लावता येणार नाहीत. परंतु उतरंड तीच राहते. (अशा ज्ञानाची किंमत कोणी दिली हेही लक्षात ठेवावे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने, तेथील त्वचारोगतज्ज्ञांनी त्या दशकांत कैद्यांवर केलेल्या प्रयोगांबद्दल २०२२ मध्ये जाहीर क्षमा मागितली. कीटकनाशके त्वचेवर लावणे हा त्या प्रयोगांचा एक भाग होता. शास्त्राला हवी असलेली त्वचा आणि शेतात भिजणारी त्वचा या दोन्ही बहुधा ज्यांना नाही म्हणता येत नाही अशांच्याच असतात.)

हा तक्ता हाती घेऊन कपाशीच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावे. पंप पाठीवर आहे. झाकणाशी किंवा नळीच्या जोडाशी तो झिरपतो. न झिरपणारा पंप विरळाच. झिरपलेले पाणी पाठीवरून कमरेकडे आणि कमरेवरून खाली उतरते, म्हणजे उतरंडीच्या तळापासून माथ्याकडे जाते. समोर पऱ्हाटी खांद्याच्या वर गेलेली. नोझल उंच धरावे लागते, आणि फवारा कपाळावर, कानांवर, मानेवर परत येतो. सदरा भिजतो. भिजलेला सदरा हा संरक्षण नव्हे. जखमेवर बांधलेली ओली पट्टी औषध जसे धरून ठेवते तसे तो विष त्वचेशी धरून ठेवतो, आणि हे कापड बहुधा त्याच पिकाचे असते. माणूस दुपारी भाकरी खाताना हात धुतो, कारण हात दिसतात. पाठ दिसत नाही.

फवाऱ्याच्या थेंबाचेही भूमितीशास्त्र आहे. थेंबाचा व्यास निम्मा केला की त्याच पाण्याचे आठ थेंब होतात आणि एकूण पृष्ठ दुप्पट होते. शेतकऱ्याला बारीक फवारा हवा असतो तो याचसाठी. पानावरचे मेण पाण्याला गोळा करून टाकते म्हणून द्रावणात 'स्टिकर' घालतात. स्टिकरचे काम पृष्ठताण कमी करून थेंब पसरवणे. पानावर जो थेंब पसरतो तो मानेवरही पसरतो, आणि स्टिकरला पान कोणते व मान कोणती हे कळण्याचे कारण नाही. पाठीवरच्या साध्या पंपाचे बहुसंख्य थेंब इतके मोठे असतात की ते फुप्फुसाच्या खोल कोशांपर्यंत पोचत नाहीत, नाकात आणि घशातच अडकतात. बाकीचे अंगावर बसतात. डरहॅम आणि वोल्फ यांनी शेतमजुरांच्या अंगावर शोषक चकत्या चिकटवून केलेली मोजणी १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आली, तेव्हापासून हे ज्ञात आहे की फवारणी करणाऱ्याच्या त्वचेवर पडणारे विष श्वासातून जाणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असते. असे असूनही २०१७ च्या वृत्तांतांतून विष 'श्वासावाटे' गेल्याचेच अधिक लिहिले गेले. नाकाला रुमाल बांधलेल्या माणसाचे छायाचित्र सर्वांना समजते; भिजलेल्या कमरेचे छायाचित्र कोणी काढीत नाही. बारीक तुषार उडविणाऱ्या यांत्रिक पंपांनी आणि डोक्यावर गेलेल्या पिकाने श्वासाचा वाटा त्या वर्षी वाढला असेल हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र रुमाल बांधला की झाले, या समजुतीला त्या वृत्तांतांनी हातभार लावला.

मग संरक्षक साधनांचे काय? ती निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु भाद्रपदाच्या उकाड्यात, पावसाने ओलावलेल्या काळ्या जमिनीत, पंधरा-वीस लिटर पाणी पाठीवर घेऊन, न झिरपणाऱ्या प्लास्टिकच्या अंगरख्यात दिवसभर चालता येत नाही हे ज्याने एकदा अनुभवले तो दुसऱ्या दिवशी तो अंगरखा घालीत नाही. कारण त्वचेला घाम बाहेर टाकावयाचा असतो. ज्या पृष्ठाने उष्णता बाहेर जाऊ द्यावयाची, त्यानेच विष आत येऊ द्यावयाचे नाही, अशी अट त्याच्यावर घालता येत नाही. येथे भिंतीची उपमा पुरती कोसळते. अंगरखा नाकारणारा मजूर अडाणी नसतो. आपल्या त्वचेच्या दोन कामांपैकी त्या क्षणी ज्याच्यावाचून चालणार नाही ते काम तो निवडीत असतो.

प्रसंगाचे आणखी एक पृष्ठ शिल्लक आहे आणि ते अळीच्या पोटात आहे. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला मान्यता मिळाली. बीटी प्रथिन अळीच्या आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट ग्राहकांना चिकटते आणि त्या अस्तराला भोके पाडते. ही सर्व क्रिया एका पृष्ठावरची. माणसाच्या आतड्यावर तसे ग्राहक नसल्यामुळे तो सुरक्षित. भेद करण्याचे काम येथेही पृष्ठावरच सोपवले होते, परंतु या वेळी ते खरोखर नेमके होते. शेंदरी बोंडअळीने ते हाणून पाडले. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम अळ्यांमध्ये आतड्याच्या अस्तरावरील कॅडेरिन या ग्राहक-प्रथिनाच्या जनुकात बिघाड आढळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. चिकटावयास जागाच राहिली नाही. २०१७ मध्ये विदर्भात या अळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांसाठी फवारण्या चालूच होत्या; त्यांत बोंडअळीच्या धास्तीची भर पडली. आणि ही अळी तर अंड्यातून निघताच बोंडात शिरते. बोंडाच्या पृष्ठावर पडलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. सर्व विषबाधेचे कारण एका जनुकात शोधणे हा उतावीळपणा होईल. तरीही साखळी ध्यानात यावी अशी आहे : अळीच्या आतले पृष्ठ बदलले, बोंडाच्या पृष्ठाने तिला आसरा दिला, आणि औषध ज्या एका पृष्ठातून हमखास आत गेले ते फवारणाऱ्याचे होते.

त्वचा शोषते ही कल्पना भारतीय वैद्यकाला परकी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दूध तापताना त्यावर साय धरावी तशी गर्भावर त्वचा धरते असे सांगून तिचे सात थर सांगितले आहेत, आणि त्यांची जाडी साळीच्या दाण्याच्या मापाने दिली आहे. सूत्रस्थानात त्वचेतील पित्ताला भ्राजक म्हटले असून अभ्यंग, लेप, अवगाहन यांतून अंगाला लावलेल्या द्रव्यांचे पचन ते करते असे मानले आहे. कल्पस्थानाच्या आरंभी राजाच्या रक्षणाचा जो विचार आहे त्यात अन्नपाण्याबरोबर दातवण, अंगाला लावावयाचे तेल, स्नानाचे पाणी, वस्त्रे, बिछाना, माळा, पादत्राणे यांत घातलेल्या विषांची यादी आहे. यावरून सुश्रुताला शृंगस्तर ठाऊक होता असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. भ्राजक म्हणजे विकर नव्हे, आणि सात थरांचा आजच्या थरांशी मेळ घालण्याचा खटाटोप बहुधा हास्यास्पद होतो. महत्त्वाचे आहे ते हे, की त्या विचारात त्वचेला पचवणारे इंद्रिय मानले आहे. जे पचवते त्याला विष पचत नाही असेही होऊ शकते. भिंतीला पचनाचा प्रश्न येत नाही. पण ती सर्व दक्षता राजापुरती होती, हेही नोंदवावे लागते.

विदर्भालाच त्वचेची दुसरी एक कथा चांगली परिचयाची आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले. पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांना १८७३ मध्येच दिसला होता, आणि तो मुख्यतः मज्जातंतूंचा घात करतो हेही वैद्यकाला ज्ञात होते. परंतु समाजाने तो रोग त्वचेवर वाचला, आणि चट्टा म्हणजेच रोग, स्पर्श म्हणजेच संसर्ग असा अर्थ लावून माणसे गावाबाहेर काढली. ज्या स्पर्शात भय अत्यल्प होते त्या स्पर्शाचा समाजाने धसका घेतला. फवारणीच्या शेतात नेमके उलट घडते. तेथे स्पर्शातच भय आहे. पण त्वचेवर चट्टा उठत नाही, द्रव्याला बहुधा फक्त उग्र वास असतो, म्हणून स्पर्श कोणाला भिववीत नाही. दोन्ही ठिकाणी चूक एकच : जे दिसते तेवढेच पृष्ठाचे बोलणे मानले गेले.

भाषेने या चुकीला साथ दिली आहे. वऱ्हाडात कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. औषध आणतात, मारतात, फवारतात. 'औषध घेतले' असे हलक्या आवाजात म्हटले तर मात्र त्याचा अर्थ आत्महत्या. एकच डबा, एकच शब्द, आणि क्रियापदाने पृष्ठ बदलते. शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, त्या जिल्ह्यात विषबाधा झालेला माणूस रुग्णालयात आला की प्यायला की फवारला हा पहिला प्रश्न होणे स्वाभाविक आहे. उपचारापुरता तो आवश्यकही आहे. परंतु या प्रश्नात हेतूचा प्रश्न मिसळतो, आणि हेतूबरोबर दोषाचा. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस गेले आणि २३ मुले मेली, तेव्हा देश हादरला. तोंडावाटे गेलेले विष सर्वांना विष वाटते. त्वचेवाटे गेलेले विष हे काम करताना झालेली हयगय वाटते. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावर वापर भारतात २००५ पासूनच निषिद्ध होता. कपाशीवर तो चालू राहिला, कारण कपाशी कोणी खात नाही. खाणाऱ्याच्या आतड्याचा विचार झाला; फवारणाऱ्याच्या पाठीचा झाला नाही.

विष आत गेल्यावर ते पुन्हा पृष्ठावर येऊन बोलू लागते. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, सर्वांगाला घाम, बारीक झालेली बाहुली, स्नायूंची फडफड : डॉक्टर हे सर्व बाहेरून वाचतो आणि अॅट्रोपीन सुरू करतो. मिश्र द्रव्यांच्या विषबाधेत हे वाचन सरळ राहत नाही. याहून आधी वाचता येईल असे एक पृष्ठ रक्तात आहे. तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर तेच अॅसिटिलकोलिनेस्टरेज विकर बसलेले असते आणि मज्जातंतूंशी काय चालले आहे याचा अंदाज त्याच्या मोजणीने घेता येतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणीच्या कामावरील मजुरांची अशी तपासणी नियमाने होते. भारताच्या १९७१ च्या नियमांतही फवारणीवरील माणसांच्या वैद्यकीय तपासणीची आणि ऑर्गॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज मोजण्याची तरतूद आहे. ती ज्याला नोकर आणि मालक आहेत अशा कारखान्याची आठवण ठेवून लिहिलेली दिसते. आज या शेतात, उद्या त्या शेतात रोजाने फवारणाऱ्या माणसाचा मालक कोण हे नियमाला सांगता येत नाही.

तांबड्या पेशीवरचे जखडलेले विकर दुरुस्त होत नाही. जुनी पेशी जाऊन नवी येईल तेव्हाच ते भरून निघते, आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणजे भरपाई दिवसाला शेकडा एकाच्या आसपास. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतचा फवारणीचा हंगामही जवळपास तेवढाच भरतो. पहिल्या फवारणीनंतर डोके दुखले, मळमळले, रात्री झोप लागली नाही, तर ते दुखणे अंगावर काढून चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात पंप उचलणाऱ्या मजुराच्या रक्तात आधीच्या प्रत्येक दिवसाची नोंद शिल्लक असते. त्याच्या मृत्यूच्या नोंदीत तारीख मात्र एकच येते, शेवटच्या फवारणीची, आणि चौकशीत विचारले जाते ते त्या दिवशी त्याने हातमोजे घातले होते का.